खेळाचा तास कुणाचा?

"दिवसभर पायांवरच तर असतो आम्ही. आणखी वेगळा व्यायाम कशाला?"

शाळेच्या स्टाफरूममध्ये तब्येतीचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. बोलणाऱ्या बाई किंवा सर आळशी नसतात. त्यांचे पायच साक्षीला असतात. संध्याकाळी पोटऱ्या ठणकतात, सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येते, सुजलेल्या पावलांवर चपलेच्या पट्ट्याचा वळ उमटलेला असतो. एवढं अंग मोडून आल्यावर 'रोज अर्धा तास चालायला जा' असं डॉक्टरांनी सांगितलं तर रागच यायचा.

डॉक्टरांचं म्हणणं बरोबर आहे. बाईंचा रागही बरोबर आहे. दोन्ही एकाच वेळी खरं कसं, हे कळायला त्या दिवसाकडे जरा जवळून पाहायला हवं.

जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा घेऊ. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असा हिशेब आहे. म्हणजे पहिली ते चौथी हे चार वर्ग दोघांत वाटून घ्यायचे. बाई तालुक्याच्या गावाहून अपडाउन करतात. स्कूटीवर तीसेक किलोमीटर, त्यातला शेवटचा तुकडा खडीचा. आल्या आल्या कुलूप, झाडलोट, मग परिपाठ: प्रार्थना, प्रतिज्ञा, दिनविशेष. हजेरी झाली की एका वर्गाला पाढे लिहायला लावायचे आणि दुसऱ्याचं वाचन घ्यायचं. फळ्यावर लिहिताना हात खांद्याच्या वर आणि मान मागे. पुढच्याच मिनिटाला कमरेतून वाकून पहिलीतल्या पोराच्या बोटांत पेन्सिल नीट बसवायची. भिंतीपलीकडे गलका वाढला की आवाज चढवायचा. खिचडी शिजली की मुलांच्या आधी चाखून बघायची. २०१३ च्या जुलैमध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतल्या जेवणातून विषबाधा होऊन २३ मुलं दगावली, त्यानंतर हा नियम पुन्हा बजावून सांगितला गेला. त्या घासामागे काय आहे हे ठाऊक असल्यानं बाई तो चुकवत नाहीत.

आणि मोबाइल. किती मुलं जेवली ते ॲपवर टाकायचं. यूडायस प्लस या शाळांच्या माहितीप्रणालीतल्या नोंदी, आधारवरच्या नावाशी दाखल्यावरचं नाव न जुळणारी मुलं, विद्यार्थ्यांचे 'अपार' ओळखक्रमांक, वृक्षारोपणाचे फोटो. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप येतो, 'माहिती तात्काळ भरावी'. तात्काळ म्हणजे आजच, बहुतेकदा दुपारच्या आत. शाळेत रेंज नसते. मग मधल्या सुट्टीत बाई पटांगणाच्या कडेला, झेंड्याच्या कट्ट्यावर उभं राहून फोन डोक्याच्या वर धरतात. मुलं खेळत असतात, डब्यातली पोळी गार होत असते, आणि पडद्यावरचं गोल चक्र फिरत असतं.

या दिवसात हालचाल भरपूर आहे, यात शंका नाही. प्रश्न ती कोणत्या जातीची, हा आहे.

हृदय रक्त पायांपर्यंत ढकलतं. ते वर परत न्यायचं काम बरंचसं पोटरीच्या स्नायूंकडे असतं. माणूस चालतो तेव्हा पोटरी आवळते, सैल होते, पुन्हा आवळते आणि दर पावलाला रक्त वर सरकतं. म्हणून तर पोटरीला 'दुसरं हृदय' म्हणतात. फळ्यासमोर एका जागी उभं राहिलं की हा पंप जवळजवळ थांबतो. रक्त पायांत साचतं, शिरांच्या आतल्या झडपांवर भार येतो, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं की पोटरीवर निळ्या-जांभळ्या फुगीर शिरांची जाळी दिसू लागते. बायकांत हा त्रास अधिक आढळतो, बाळंतपणांनंतर तर आणखीच. वर्गातल्या वर्गात मारलेल्या फेऱ्याही चार पावलांच्या असतात. पाय दुखतील एवढ्या त्या पुरतात. श्वास भरून यावा, हृदयानं जोर लावावा, एवढ्या नाहीत. थकवा पदरात पडतो, ताकद मात्र वाढत नाही.

काम आणि व्यायाम यांच्या नात्याचा अभ्यास सुरू झाला तो बसच्या जिन्यावरून. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लंडनच्या दुमजली बसवरच्या कामगारांचा अभ्यास छापला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा तिकिटं देत वरखाली करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता. एकेक कंडक्टर दिवसाला सुमारे ६०० पायऱ्या चढायचा. बेस्टच्या डबलडेकरच्या अरुंद जिन्यावर हातातला चिमटा वाजवत चढणारा कंडक्टर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

कामावरची हालचालच माणसाला तारते, असा अर्थ त्यातून निघाला, आणि बराच काळ तो टिकला. पुढे डेन्मार्कचे संशोधक आंद्रेआस होल्टरमन आणि इतरांनी एक अडचण दाखवून दिली. फावल्या वेळात केलेली हालचाल माणसाला निरोगी करते. कामावर करावी लागणारी हालचाल तसं करतेच असं नाही, कधी उलटही होतं. २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा कामात जास्त अंगमेहनत करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचा धोका कमी मेहनतीच्या कामातल्या पुरुषांपेक्षा १८ टक्क्यांनी जास्त निघाला. स्त्रियांत असा फरक दिसला नाही. कारणं सांगितली जातात ती अशी: कामावरची मेहनत तासन् तास चालते पण दम वाढवण्याइतकी जोराची नसते; एकाच ठेवणीत राहावं लागल्यानं रक्तदाब चढा राहतो; मध्ये विसावा नसतो; आणि कधी थांबायचं हे करणाऱ्याच्या हाती नसतं.

शिक्षक हमालासारखे ओझी वाहत नाहीत, हे खरं. त्यामुळे तो १८ टक्क्यांचा आकडा उचलून शाळेला चिकटवणं चुकीचं होईल. पण कारणांची यादी पुन्हा वाचली तर त्यातली बहुतेक वर्गखोलीत सापडतात. विशेषतः शेवटचं.

कारण ताणाचा अभ्यास करणारेही याच जागी येऊन पोचले आहेत. अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं की नुसतं काम जास्त असल्यानं माणूस खचत नाही. काम जास्त आणि ते कसं, केव्हा करायचं याचा अधिकार कमी, अशी जोडी जमली की खचतो. शिक्षकाला भाषेचा तास रंगलेला असताना तो थांबवून लिंक उघडून माहिती भरावी लागते. उद्या कुठलं प्रशिक्षण, परवा कुठली पाहणी, हे संध्याकाळच्या निरोपावर ठरतं. महाराष्ट्रातल्या शिक्षकांच्या आंदोलनांत गेल्या काही वर्षांत 'आम्हाला शिकवू द्या' ही घोषणा फलकांवर लिहिली गेली. पगार, पेन्शन हे विषय होतेच. पण नोकरीत असलेला माणूस त्याच नोकरीचं मूळ काम करू देण्याची मागणी घेऊन रस्त्यावर येतो, ही साधी बाब नाही.

कायद्यानं अशी कामं मोजकीच ठेवली आहेत. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की दशवार्षिक जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुका सोडून शिक्षकांना बिगर-शैक्षणिक काम देऊ नये. त्याआधी २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निवडणुकीच्या कामासाठी शिक्षकांना सुट्टीच्या आणि न शिकवण्याच्या दिवशी बोलवावं, असं सांगितलं होतं. मुलांचे तास बुडू नयेत हा त्यामागचा हेतू रास्तच आहे. पण तो हिशेब शिक्षकाच्या बाजूनंही एकदा मांडायला हवा. मुलांचा दिवस वाचतो तो शिक्षकाच्या रविवारातून. शरीराला सावरायला जे दिवस होते, तेच खर्ची पडतात.

उदाहरणार्थ, २० नोव्हेंबर २०२४ ला राज्यात विधानसभेचं मतदान झालं. मतदान सकाळी सातला सुरू होतं, आणि त्याच्या दीड तास आधी यंत्रं तपासायला अभिरूप मतदान घ्यावं लागतं. म्हणजे केंद्रावरचे कर्मचारी चारच्या सुमाराला उठलेले. आदल्या दिवशी यंत्रं, शाई, पाकिटं, नमुने मोजून घेतलेले. रात्र कुठल्यातरी शाळेच्या बाकांवर किंवा सतरंजीवर काढलेली. मतदान सहाला संपलं तरी पेट्या जमा करून सुटका व्हायला रात्र होते. त्या सगळ्या तासांत एक चूक झाली तर कारवाई, ही टांगती तलवार वेगळी.

त्यात २०२५ च्या १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण न झालेल्या ज्या शिक्षकांच्या सेवेची पाच वर्षांहून अधिक वर्षं उरली आहेत, त्यांनी दोन वर्षांत ती उत्तीर्ण व्हावी, नाहीतर नोकरी सोडावी. वीस-पंचवीस वर्षं शिकवलेली माणसं रात्री मुलं झोपल्यावर बालमानसशास्त्राची गाइडं उघडून बसली. शिक्षकांची गुणवत्ता तपासली जाऊ नये असं कुणी म्हणणार नाही. पण पंचेचाळिशीत नोकरीच जाण्याची धास्ती माणसाच्या झोपेचं काय करते, हेही त्याच दमात बोललं पाहिजे.

ताण आला की शरीर धावायच्या किंवा झुंजायच्या तयारीला लागतं. अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल वाढतात, साखर रक्तात उतरते, नाडी जलद होते, खांदे आवळतात. शेतात साप दिसला तर या तयारीचा उपयोग होतो. माणूस पळतो आणि ती तयारी पळण्यातच खर्ची पडते. केंद्राच्या ग्रुपवर सगळ्यांसमोर 'अमुक शाळेची माहिती अद्याप अप्राप्त' असं वाचल्यावर मात्र पळायचं कुठे? बाई खुर्चीत बसून तोच तक्ता पुन्हा भरतात. चढलेली नाडी रात्री उशीवर डोकं टेकेपर्यंत उतरत नाही.

इथं व्यायामाचा खरा संबंध येतो. जोरानं चालणं, धावणं, पोहणं, सूर्यनमस्कार, काहीही असो, शरीराला त्या साठलेल्या तयारीचा निचरा करायला वाट मिळते आणि झोप खोल लागते. नॉर्वेतल्या सुमारे ३४ हजार प्रौढांचा ११ वर्षं माग ठेवणारा एक मोठा अभ्यास आहे. सगळ्यांनी आठवड्याला निदान एक तास व्यायाम केला असता तर पुढे उद्भवलेली नैराश्याची १२ टक्के प्रकरणं टळू शकली असती, असा अंदाज त्यावरून बांधला गेला. आठवड्याला एक तास! सात दिवसांतून एक खेळाचा तास काढावा एवढाच.

मग तो का निघत नाही? आळस हे उत्तर सोपं आहे आणि म्हणूनच लोकप्रिय आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ साबिने सोनेन्टाग यांनी यातला पेच नेमका पकडला आहे. कामाचा ताण सर्वांत जास्त असतो तेव्हा सावरण्याची गरज सर्वांत जास्त असते, आणि नेमकं तेव्हाच माणसाकडून सावरण्यासारखं काही होत नाही. चालायला जाण्याची ताकद थकव्यानं संपवलेली असते, मनातून शाळा निघत नसते. कामातून मन सुटणं हा सावरण्याचा गाभा आहे, असं त्यांचं संशोधन सांगतं. रात्री साडेनऊला वाजणारा ग्रुप ते सुटू देत नाही.

भारतात हे सगळं एका आधीच बसलेल्या समाजात घडतं आहे. २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'नं दिलेल्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये जवळपास निम्म्या भारतीय प्रौढांची शारीरिक हालचाल पुरेशी नव्हती. पुरुषांत ४२ टक्के, स्त्रियांत ५७. त्याआधी २०१४ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीत महाराष्ट्रातली ९१.३ टक्के माणसं फावल्या वेळात हालचालीचं काहीच करत नाहीत असं दिसलं होतं. म्हणजे शंभरातले नऊच जण स्वतःच्या हौसेनं अंग हलवत होते.

आणि देशातल्या शिक्षकांत आता ५४ टक्क्यांहून अधिक बायका आहेत. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रीची दिवसाला २९९ मिनिटं त्यात जात होती, पुरुषाची ९७. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम जोराची हालचाल सुचवते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की बाईंच्या रागाचं मोजमाप मिळतं. आठवडाभराच्या व्यायामाच्या दुप्पट वेळ एका दिवसाच्या घरकामाला जातो. शाळेतून आल्यावर आधी ओटा दिसतो, चालायचे बूट नंतर. 'स्वतःसाठी वेळ काढा' हा सल्ला देणाऱ्यानं तो वेळ कुणाच्या वाट्यातून काढायचा तेही सांगावं. घरी भाजी कोण चिरणार, हा या विषयातला खरा वैद्यकीय प्रश्न आहे.

महाराष्ट्राला शिक्षक आणि व्यायाम यांचं नातं नवं नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे. त्याचं पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार दाखवून आलं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार नेले. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करून योगाचे परिणाम प्रयोगशाळेत तपासणारे स्वामी कुवलयानंद त्याआधी अमळनेरला शिक्षक होते, तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य होते. खडू हातात घेतलेल्या माणसानंच श्वास आणि रक्तदाब मोजायला घेतला. पण त्या साऱ्या परंपरेत नजर राहिली विद्यार्थ्यावर. शिक्षकानं शिट्टी वाजवायची, 'एक साथ सावधान' म्हणायचं आणि सावलीत उभं राहायचं, असंच पुढे रूढ झालं. शिक्षकाचं स्वतःचं शरीर कुणाच्याच अभ्यासक्रमात आलं नाही.

आजचे नियमही त्याच वळणाचे. २०२४ च्या मार्चमध्ये राज्यात शिक्षकांच्या पेहरावाच्या सूचना निघाल्या: पुरुषांनी शर्ट खोचून पँट, महिलांनी साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा, जीन्स-टीशर्ट नको. शिक्षकानं नीटनेटकं असावं हे मान्यच. मात्र प्राथमिक शाळेत खेळाचा तास वर्गशिक्षकालाच घ्यावा लागतो. कायद्यातली क्रीडा आणि आरोग्याच्या अंशकालीन निदेशकाची तरतूद वरच्या प्राथमिक वर्गांना आहे, तीही पट शंभराच्या वर गेला तर. खोचलेल्या शर्टात आणि सहावारीत लंगडी कशी खेळायची, याचा विचार सूचना लिहिताना झालेला दिसत नाही.

तरीही आशेची जागा आहे ती याच खेळाच्या तासात. तो वेळापत्रकात आहे. त्यासाठी पहाटे उठावं लागत नाही, जिमची फी भरावी लागत नाही, घरच्यांची मनधरणी करावी लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये आपल्या सूचना सुधारताना जुनी एक अट काढून टाकली. हालचाल सलग दहा मिनिटं झाली तरच ती मोजायची, असं पूर्वी होतं. आता सुटी सुटी मिनिटंही धरली जातात. शाळेच्या दिवसासाठी ही फार मोलाची सूट आहे. लगोरीचा एक डाव, खो-खोची एक पाळी, मुलांबरोबर पटांगणाला मारलेल्या दोन फेऱ्या, सगळं जमेला धरतं. आठवड्याचे दोन खेळाचे तास शिक्षक खरोखर खेळले, तर सुचवलेल्या १५० मिनिटांपैकी मोठा वाटा शाळेतच भरून निघेल.

अडचण एवढीच की हा तास सगळ्यांत आधी बळी जातो. चाचणी जवळ आली की गणित त्यात घुसतं. तक्ते भरायचे असले की मुलांना चेंडू देऊन बाई पायरीवर फोन घेऊन बसतात. म्हणून शिक्षकांच्या तब्येतीची ज्यांना खरोखर काळजी आहे त्यांनी योगासनांची शिबिरं भरवण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. खेळाच्या तासाला ऑनलाइन काम मागू नये, आणि शाळा सुटल्यावरचे निरोप दुसऱ्या सकाळपर्यंत थांबवावेत. याला निधी लागत नाही. तणावमुक्तीचं व्याख्यान रविवारी ठेवून शिक्षकांना सक्तीनं बोलवण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त आहे.

२०२४ पासून राज्यात पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम आहे. त्या दिवशी दप्तराचं ओझं बाजूला आणि योग, खेळ, कृती पुढे. सकाळची शाळा, पटांगणात कोवळं ऊन. पहिली ते चौथीची पोरं विषामृत मागतात. बाई ओढणी कमरेला घट्ट बांधतात, चप्पल पायरीशी काढून ठेवतात आणि फोन कपाटात, हजेरीपटाखाली. चौथीतल्या एका मुलीवर राज्य येतं. ती सगळ्यांना सोडून आधी बाईंच्याच मागे लागते. बाई झेंड्याच्या कट्ट्याला वळसा घालून पळतात, चिंचेपर्यंत पोचतात, आणि पाठीवर थाप पडते. "विष!" आता हलायचं नाही. छातीचा भाता चाललेला, केस सुटलेले, चेहरा लाल. पोरं चारी बाजूंनी ओरडतायत. तेवढ्यात मागून पहिलीतलं सर्वांत छोटं पोर, एका हातानं चड्डी सावरत धावत येतं आणि बाईंच्या गुडघ्याला हात लावून जिवाच्या आकांतानं ओरडतं, "अमृत! बाई, अमृत! पळा!"